विषाणूची आठ कुळे

मृगाचे पाऊस होऊन पैनगंगेला गढूळ पाणी आले की किनवट तालुक्यात काविळीचे बोलणे सुरू होते. कुणाचे डोळे पिवळे दिसतात, कुणाला अन्नाचा वासही नकोसा होतो. मग घरात तेल-हळद बंद होते, कावीळ उतरवणाऱ्याकडे खेप घातली जाते, गळ्यात माळ पडते. माळ लांबत लांबत छातीखाली आली की कावीळ उतरली असे मानतात. बहुतेकदा माणूस बराही होतो आणि श्रेय माळेला जाते. खरे तर पाण्यातून येणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’ या हिपॅटायटिस विषाणूंना बहुतेकांचे शरीर काही आठवड्यांत स्वतःच हुसकावून लावते. २०१२ साली इचलकरंजीत घरोघरी कावीळ पसरली, ती याच ‘ई’ विषाणूमुळे. गर्भवतीला मात्र हा ‘ई’ जिवावर बेतू शकतो, म्हणून माळेच्या भरवशावर राहू नये, एवढे इथे सांगून पुढे जाऊ.

आजचा विषय आहे हिपॅटायटिस ‘सी’. हा पाण्यातून येत नाही, जेवणातून येत नाही, शेजारी बसल्याने येत नाही. तो रक्तातून येतो. पुन्हा वापरलेल्या सुईतून, न तपासलेल्या रक्ताच्या पिशवीतून, एकाच सुईने गावभर केलेल्या गोंदणातून. आणि आल्यावर तो बहुतेकांचे डोळे पिवळे करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार लागण झालेल्या शंभरांपैकी पंधरा ते पंचेचाळीस जणांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. उरलेल्यांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो. त्यांच्यापैकी शंभरात पंधरा ते तीस जणांना पुढच्या वीस वर्षांत सिरॉसिस होण्याची, म्हणजे यकृत कडक होण्याची, शक्यता असते. म्हणजे पंचविशीत घेतलेली सुई पंचेचाळिशीत पोटात पाणी होऊन उभी राहते. ‘आयुष्यात दारूला शिवला नाही, तरी लिव्हर गेलं’ असे एखाद्याबद्दल हळहळून बोलले जाते. अशा प्रत्येक वेळी हा विषाणू तपासला होता का, हे विचारायला हवे.

मोठ्या गावच्या प्रयोगशाळेतून आलेल्या तपासणीच्या कागदावर कधीकधी ‘जीनोटाइप ३’ किंवा ‘३ए’ असे लिहिलेले असते. ते वाचून आजार तिसऱ्या टप्प्यात गेला, आता काही खरे नाही, असा अर्थ घरच्यांनी काढणे अगदी स्वाभाविक आहे. कर्करोगाच्या बाबतीत टप्प्यांची भाषा आपल्या कानावर पडलेली असते. पण इथला आकडा टप्पा सांगत नाही. तो विषाणूचे कूळ सांगतो. या एका आकड्यामागे पन्नास वर्षांचे काम आहे, आणि त्यातले काही आपल्या पुण्यातही झाले आहे.

१९७५ च्या सुमारास अमेरिकेत हार्वी ऑल्टर यांच्या लक्षात आले की रक्त घेतल्यानंतर होणाऱ्या अनेक हिपॅटायटिसमध्ये ‘ए’ही सापडत नाही आणि ‘बी’ही सापडत नाही. पुढची चौदा वर्षे या आजाराला ‘ए नाही, बी नाही’ याच नावाने ओळखले गेले. एखाद्याला त्याच्या नसण्यावरूनच हाक मारावी, तसे. १९८९ मध्ये मायकेल हाऊटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू डोळ्यांना न दिसताच त्याच्या जनुकाचा तुकडा पकडला आणि ‘सी’ हे नाव मिळाले. याच विषाणूने एकट्याने आजार होतो हे चार्ल्स राइस यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. या तिघांना २०२० चे नोबेल मिळाले.

नाव मिळाल्याबरोबर गोंधळ सुरू झाला. जपानमधून मिळालेला विषाणू अमेरिकेतल्या विषाणूशी जुळेना. युरोपातला तिसराच निघाला. प्रत्येक प्रयोगशाळेने आपापली नावे ठेवली. कुणी रोमन आकडे वापरले, कुणी अक्षरे. एकाचा ‘दोन’ म्हणजे दुसऱ्याचा ‘एक-ब’, अशी स्थिती होती. १९९३ मध्ये पीटर सिमंड्स आणि सहकाऱ्यांनी जगभरातले नमुने शेजारी शेजारी ठेवून सहा मोठे गट पाडले, आणि पुढच्याच वर्षी ती पद्धत सर्वांनी मान्य केली. मोठ्या गटाला आकडा, त्यातल्या पोटगटाला, म्हणजे उपप्रकाराला, अक्षर. म्हणून १ए, १बी, ३ए, ३बी. आकडे सापडण्याच्या क्रमाने दिलेले आहेत. तीन हा दोनपेक्षा भयंकर किंवा चारपेक्षा सौम्य, असा त्यात काही अर्थ नाही.

आमच्या तालुक्यात ही रीत समजायला अवघड जाऊ नये. इथला गोंड समाज आपली कुळे देवांच्या संख्येवरून ओळखतो. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. सात देव असणारा सहा देव असणाऱ्यापेक्षा थोर ठरत नाही. आकडा एवढेच सांगतो की आपण कोणत्या मुळाचे, कोणाशी आपले रक्ताचे नाते आणि कोणाशी सोयरीक जमू शकते. माणसांची आणि विषाणूची बरोबरी करायची नाही, पण आकड्याने मूळ सांगायची ही पद्धत या जंगलात फार जुनी आहे. शास्त्रज्ञांनी ‘सी’च्या बाबतीत तेच केले.

ही कुळे एकमेकांपासून किती दूर आहेत? करोनाच्या काळात ‘डेल्टा’ आणि ‘ओमायक्रॉन’ हे शब्द किनवटच्या आठवडी बाजारातही पोहोचले होते. करोनाच्या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे तीस हजार अक्षरांचा. त्यातली पन्नासेक अक्षरे बदलली आणि जगाने ओमायक्रॉनची धास्ती घेतली. हिपॅटायटिस ‘सी’चा मजकूर सुमारे नऊ हजार सहाशे अक्षरांचाच आहे. पण त्याच्या दोन कुळांमध्ये शंभरातली तीस ते पस्तीस अक्षरे वेगळी असतात, म्हणजे जवळपास तीन हजार. एकाच कुळातल्या दोन उपप्रकारांतही शंभरामागे पंधरा ते पंचवीस अक्षरांचा फरक असतो. माणूस आणि चिंपांझी यांच्या जनुकांत अक्षरागणिक पाहिले तर फरक शंभरात दीडच्याही आत आहे. तेव्हा ‘सी’चे जीनोटाइप १ आणि ३ हे एकाच नावाखाली नांदत असले तरी ते फार पूर्वी वेगळे झालेले आहेत. करोनाचे ‘व्हेरियंट’ आपल्या डोळ्यांदेखत एक-दोन वर्षांत जन्मले. ‘सी’च्या कुळांचा इतिहास शतकांचा आहे.

इतका फरक पडण्याचे कारण विषाणूच्या नक्कल करण्याच्या पद्धतीत आहे. बाधित माणसाच्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. त्यांचा मजकूर आरएनएमध्ये लिहिलेला असतो आणि त्याची प्रत काढणारे यंत्र आपण काय लिहिले ते पुन्हा वाचून पाहत नाही. चूक झाली तर तशीच पुढे जाते. बऱ्याच चुकांनी विषाणूच मरतो. काही चुकांनी काही बिघडत नाही. आणि काही चुका अशा पडतात की शरीराच्या पहारेकऱ्यांना तो ओळखू येत नाही. म्हणून एकाच रुग्णाच्या रक्तातही ‘सी’चा एक विषाणू नसतो, एकमेकांशी जवळीक असलेला घोळका असतो. लस अजून का नाही, याचे मोठे कारण हेच. शरीर एका रूपाला ओळखायला शिकते तोवर दुसरे रूप पुढे आलेले असते. एकदा बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो तोही याचमुळे. हे उपचार पूर्ण केलेल्या प्रत्येकाला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

कूळ ओळखायचे कसे, यात एक खुबी आहे. विषाणूच्या मजकुराचा सगळा भाग सारख्याच वेगाने बदलत नाही. अगदी सुरुवातीचा एक तुकडा जवळजवळ सगळ्या कुळांत तसाच राहतो, कारण त्यात बदल झाला तर विषाणूचे कामच थांबते. विषाणू रक्तात आहे की नाही हे पाहण्यासाठी हा तुकडा उत्तम, कोणत्याही कुळाचा असला तरी सापडतो. पण त्याच कारणाने कूळ, आणि त्याहून जास्त उपप्रकार ओळखायला तो अपुरा पडतो. सगळ्यांचा चेहरा सारखा असेल तर नाव कसे सांगणार? त्यासाठी थोडा पुढचा, बदलणारा भाग वाचावा लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, कविता लोले, विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. सुरुवातीच्या न बदलणाऱ्या तुकड्यावरून केलेली ओळख आणि विषाणूच्या ‘कोअर’ भागावरून केलेली ओळख, दोन्ही त्यांनी पूर्ण वाचनाशी ताडून पाहिल्या आणि भारतात कोणते उपप्रकार कुठे आढळतात हे नोंदवले. २००३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. देशाच्या उत्तर, पूर्व आणि पश्चिम भागांत जीनोटाइप ३ चे प्राबल्य आणि दक्षिणेकडे जीनोटाइप १ चे प्रमाण जास्त, हे चित्र तेव्हाच समोर आले.

हे चित्र किनवटला लावून पाहू. हा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यांची फेररचना झाली आणि तो नांदेडला जोडला गेला. कागद बदलला, माणसांचे येणे-जाणे बदलले नाही. आजही इथला रुग्ण कधी नांदेडला जातो, कधी आदिलाबादला, जमले तर थेट हैदराबादला. नागपूर-यवतमाळचीही वाट आहे. सोयरीक दोन्ही राज्यांत, मजुरी दोन्ही राज्यांत. पश्चिम आणि दक्षिण यांच्या मधल्या रेषेवरचा हा मुलूख आहे. नकाशावर रंग भरताना अशा मुलखाला कोणत्या तरी एका रंगात ढकलून देणे सोपे असते. प्रत्यक्ष नमुने वाचणे अवघड, पण खरे उत्तर त्यातूनच मिळते.

जीनोटाइप ३ दक्षिण आशियातलाच असावा, असे मानायला सबळ आधार आहे. ज्या भागात एखाद्या कुळाचे सर्वाधिक उपप्रकार आढळतात, तिथे ते कूळ सर्वांत जुने, असा साधा तर्क त्यामागे आहे. ज्या गावात एका आडनावाची सर्वांत जास्त आणि सर्वांत वेगवेगळी घरे, तेच त्या आडनावाचे मूळ गाव, असे आपण म्हणतोच. या कुळातला ३ए हा एकच उपप्रकार विसाव्या शतकात नशेच्या सुयांवाटे युरोप-ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचला. जीनोटाइप ४ चे घर मध्य आफ्रिका आणि इजिप्त. इजिप्तमध्ये तो का फोफावला, त्याची कहाणी दुःखद आहे. गोगलगायींच्या पाण्यातून होणाऱ्या शिस्टोसोमियासिस या कृमिरोगावर सरकारने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दशकानुदशके गावोगाव इंजेक्शनाची मोहीम चालवली. हेतू चांगला होता. सुया नीट उकळल्या जात नव्हत्या. एका रोगावरच्या औषधातून दुसरा रोग देशभर पसरला, आणि इजिप्त जगात या विषाणूचे सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांत गणला जाऊ लागला. सरकारी मोहीम राबवणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर ही कहाणी असावी, असे आम्हाला वाटते.

जीनोटाइप ५ दक्षिण आफ्रिकेतला, ६ आग्नेय आशियातला आणि आपल्या ईशान्य राज्यांतलाही. सातव्याची ओळख मध्य आफ्रिकेतून आलेल्या रुग्णांत पटली. आठवा २०१८ मध्ये कॅनडात नोंदवला गेला आणि तो सापडला मूळच्या पंजाबच्या चार रुग्णांत. त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. नवे कूळ मान्य व्हायला हे लागतेच. मजकूर पूर्ण वाचलेला हवा, तो दोन कुळांच्या सरमिसळीतून झालेला नसावा, आणि परस्परांशी संबंध नसलेल्या किमान तीन रुग्णांत आढळायला हवा. एकट्यादुकट्या नमुन्यावर नवे नाव देत नाहीत. या काटेकोरपणामुळेच आजची यादी विश्वासाची आहे. आठ कुळे आणि त्यांखाली नव्वदच्या आसपास उपप्रकार. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की आठवे कूळ भारतातल्या माणसांच्या रक्तात होते, पण ते वाचले गेले कॅनडात.

आता रुग्णाच्या दृष्टीने पाहू. २०१४ पूर्वी कूळ ओळखणे ही चैन नव्हती, गरज होती. तेव्हाचा उपचार म्हणजे आठवड्याला इंटरफेरॉनचे इंजेक्शन आणि रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. ताप, अंगदुखी, उदासी, रक्त कमी होणे. जीनोटाइप २ किंवा ३ असेल तर चोवीस आठवडे, १ असेल तर अठ्ठेचाळीस. एवढे सोसूनही जीनोटाइप १ चे जेमतेम निम्मे रुग्ण बरे व्हायचे, २ आणि ३ चे शंभरातले सत्तरच्या पुढे. कागदावरचा एक आकडा ठरवायचा की सहा महिने सोसायचे की वर्षभर, आणि किती शेत गहाण टाकायचे.

मग सोफोसबुव्हिर आले. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली तेव्हा एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले आणि मार्च २०१५ मध्ये इथली पहिली जेनेरिक बाटली आली. अठ्ठावीस गोळ्यांची किंमत सुमारे वीस हजार रुपये. पुढे ती आणखी बरीच उतरली. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि तपासणी व औषध सरकारी केंद्रांतून मोफत झाले. सिरॉसिस नसलेल्याला सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर बारा आठवडे. सिरॉसिस असून प्रकृती आटोक्यात असेल तर सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर, तेही बारा आठवडे. कूळ कोणतेही असो.

हे शक्य झाले तेही कुळांच्या अभ्यासामुळेच. विषाणूत काय काय बदलते हे ज्यांनी वर्षानुवर्षे टिपले, त्यांनाच काय बदलत नाही हे कळले. प्रत काढणाऱ्या यंत्राचा गाभा आठही कुळांत जवळजवळ सारखा असतो. सोफोसबुव्हिर नेमके तिथे जाऊन अडसर घालते. वर्गीकरण म्हणजे विद्वानांचा कागदी खेळ, असे म्हणणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात घ्यावी.

यातून आमचे मत असे बनले आहे. कूळ ओळखणे ही आज उपचाराची अट असता कामा नये. कार्यक्रमाच्या सूचनांतही ती अट नाही. किनवट किंवा माहूरच्या रुग्णाला ‘आधी जीनोटाइप करून आणा’ असे कुणी सांगितले, तर त्याने विचारावे, ‘त्याने माझे औषध बदलणार आहे का?’ बहुतेकदा उत्तर नाही असेच येईल. नांदेड इथून शंभर किलोमीटरहून दूर. त्या खर्चात आणि त्या फेरीत कोलामांच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, माणूस उपचारातूनच गळून जातो. त्याला हव्या असलेल्या तपासण्या दोन. पहिली प्रतिपिंडांची, जी बोटातल्या थेंबावर होते. पण प्रतिपिंडे बरे झाल्यावरही आयुष्यभर राहतात, म्हणून विषाणू खरोखर आहे का हे सांगणारी आरएनएची दुसरी तपासणी लागते. सोबत ‘बी’ची तपासणी अवश्य करावी, कारण ‘सी’ दबल्यावर लपलेला ‘बी’ उसळी मारू शकतो. यकृत किती बिघडले आहे याचा अंदाज साध्या रक्ततपासण्यांवरून येतो. एवढ्यावर औषध सुरू करता येते.

मग कूळ ओळखायचे सोडून द्यायचे का? मुळीच नाही. ते रुग्णाच्या खांद्यावरून उतरवून समाजाच्या खांद्यावर घ्यायचे.

कारण एक. ही औषधे शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांना बरे करतात, सगळ्यांना करत नाहीत. जीनोटाइप ३ यकृतात चरबी साठवतो आणि यकृत लवकर कडक करतो. सिरॉसिस झालेल्या ३ च्या रुग्णांत औषधांचे यश थोडे कमी पडते. त्यातही ३बी या उपप्रकारात डॅक्लाटासव्हिर आणि वेल्पाटासव्हिर ज्या जागी काम करतात, त्या जागेची अक्षरे जन्मतःच वेगळी असतात. ३बी आपल्या देशात आहे. उपचार संपून बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासतात, तेव्हा विषाणू सापडला तर त्या रुग्णाचा नमुना पूर्ण वाचला गेलाच पाहिजे. इथे आकडा आणि अक्षर दोन्ही महत्त्वाचे ठरतात.

दुसरे कारण आम्हाला त्याहून मोठे वाटते. विषाणूचा मजकूर हा साक्षीदार असतो. १९९८ मध्ये लिबियातल्या बेनगाझी शहरात मुलांच्या रुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. त्यातल्या अनेकांना हिपॅटायटिस ‘सी’ही होता. आरोप आला बल्गेरियातून आलेल्या पाच परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर, त्यांनी मुद्दाम विषाणू टोचला म्हणून. त्यांना मृत्युदंड सुनावला गेला. डिसेंबर २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी मुलांच्या रक्तातल्या दोन्ही विषाणूंचे मजकूर वाचून प्रसिद्ध केले. एका मजकुरापासून दुसरा किती बदलला आहे यावरून त्यांच्या वाटा कधी फुटल्या याचा काळ काढता येतो. परिचारिका मार्च १९९८ मध्ये तिथे आल्या होत्या. विषाणू त्या रुग्णालयात त्याच्या आधीपासून फिरत होते. दोष रुग्णालयातल्या सुयांच्या आणि स्वच्छतेच्या पद्धतीत होता. न्यायालयाने तेव्हा ऐकले नाही, पण जुलै २००७ मध्ये ते सहाही जण सुटले.

बेनगाझी आपल्यापासून फार दूर वाटेल. पण एखाद्या तांड्यावर किंवा वाडीत एकाच वेळी दहा जण बाधित निघाले, तर काय होईल याची कल्पना करा. पहिला संशय गावात सुई देणाऱ्यावर. नाही तर जत्रेत गोंदणाऱ्या बाईवर, नाही तर न्हाव्यावर. आणि कुजबुज त्या घराबद्दल, जिथला मुलगा शहरातून आला आहे. दहा नमुने वाचले तर इतके तरी कळेल की दहाही जणांचा विषाणू एकाच शाखेचा आहे की वेगवेगळ्या. एका शाखेचा असेल तर स्रोत जवळ आहे आणि तो बंद करता येतो. वेगवेगळ्या शाखांचा असेल तर एकट्या कुणाला दोषी धरणे अन्याय. मजकूर सगळे सांगत नाही, कुणाकडून कुणाला गेले हे तो छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरी कुजबुजीपेक्षा तो खात्रीचा. आणि एक गोष्ट ठाम. कूळ माणसाचे वर्तन सांगत नाही. ३ए परदेशात नशेच्या सुयांशी जोडला गेला म्हणून इथल्या ३ए बाधिताकडे त्या नजरेने पाहणे हा अपराध मानावा.

किनवटमध्ये हे जास्त निकडीचे का, तर इथे रक्ताशी संबंध येण्याचे प्रसंग जास्त आहेत. या भागातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, आणि सिकलसेलच्या मुलाला वारंवार रक्त लागते. रक्तपेढ्यांत ‘सी’ची तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी रक्त घेतलेले, बाळंतपणात पिशवी लागलेली, ऑपरेशन झालेले कितीतरी जण आज पन्नाशी-साठीत आहेत. शिवाय सुईवरची आपली श्रद्धा. गोळी दिली तर डॉक्टर कच्चा, सुई टोचली किंवा सलाईन लावले तर पक्का. या शतकाच्या सुरुवातीच्या देशव्यापी पाहणीत निम्म्याहून अधिक इंजेक्शने असुरक्षित आढळली होती. आता एकदाच वापरता येणाऱ्या सुया आल्या आहेत, परिस्थिती सुधारली आहे. पण पाकीट आपल्यासमोर फोडा, असे म्हणण्याचा हक्क रुग्णाला आहे, हे अजून सर्वांपर्यंत गेलेले नाही.

राष्ट्रीय पाहणीनुसार देशात शंभरात सरासरी ०.३२ लोकांच्या रक्तात ‘सी’ची प्रतिपिंडे आढळली. सरासरी कमी आहे. पण हा विषाणू सरासरीने पसरत नाही, तो टापूटापूने साचतो, पंजाब-हरियाणात तेच दिसले. असे टापू शोधायला यंत्रे नवी घ्यावी लागणार नाहीत. करोनात डिसेंबर २०२० पासून देशभर जनुकवाचनाचे जाळे उभे राहिले, पुण्याची एनआयव्ही त्यात होती. ती यंत्रे आणि ती माणसे आहेत. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने मराठवाड्यातल्या बाधितांचे, निदान उपचार अयशस्वी ठरलेल्यांचे आणि एका गावात एकाहून अधिक सापडलेल्यांचे नमुने पुण्याला पाठवण्याची रीत बसवावी. शेजारच्या आदिलाबादच्या यंत्रणेशी ती माहिती नावाशिवाय वाटून घ्यावी, कारण १९५६ ची रेषा विषाणूला माहीत नाही. आदिवासी विकास प्रकल्पाने सिकलसेलच्या तपासणी शिबिरातच ‘सी’चीही तपासणी करावी. एकाच बोटातला आणखी एक थेंब लागेल.

वाचकांना एक विनंती. तुम्ही किंवा घरातल्या कुणी २००२ पूर्वी रक्त घेतले असेल, डायलिसिस चालू असेल, सिकलसेलसाठी रक्त चढवले जात असेल, जत्रेत गोंदून घेतले असेल, तर सरकारी दवाखान्यात जाऊन हिपॅटायटिस ‘सी’ची तपासणी एकदा मागून घ्या. निघालाच, तर कागदावर आकडा कोणताही असो, औषध बहुतेकांना बारा आठवडेच घ्यावे लागते आणि सरकारी कार्यक्रमात ते मोफत मिळते.